आभारात माझं नाव

"बकऱ्याची हृदयं कोण आणणार?"

सोमवारची बैठक. लांबोडकं टेबल, चहाचे कप, बशीत खारी. सरांनी प्रश्न टाकला आणि सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले. मेधा म्हणाली, "सर, आमच्या घरी अंडंसुद्धा येत नाही." तिच्या शेजारचा पेनाचं टोपण काढत-घालत बसला.

सरांची नजर टेबलावरून फिरत आली. माझ्यावर थांबली.

"तू आण. तुमच्यात चालतं ना हे सगळं. तुला किळस नाही यायची."

मोठ्याने कोणी हसलं नाही. शिकलेली माणसं होती. नाकातून हसली.

मी म्हणाले, "हो सर."

एवढंच. पीएचडीला लागून मला महिनाही झाला नव्हता. मी काय खाते, काय खात नाही, हे मी त्या इमारतीत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी सरांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मी रत्नागिरीकडचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "गावात कुठल्या बाजूला घर?" मी बाजू सांगितली. "अच्छा, अच्छा," म्हणाले. त्या दोन अच्छांमध्ये त्यांनी माझं ताट वाचून टाकलं होतं.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मुंबईतली मोठी संस्था, काचेची दारं, एसी, देशोदेशीचे पाहुणे. आमचं काम मायटोकॉन्ड्रियावर. पेशीच्या आत असतात त्या, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. आपण खाल्लेलं अन्न आणि घेतलेला श्वास यांचा मेळ घालून शरीराला शक्ती देतात. हृदय जन्मभर थांबत नाही, म्हणून त्यात त्या ठासून भरलेल्या. अभ्यासाला हृदय लागतं ते म्हणून. आणि ताजं लागतं.

आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायचो. मीरा रोडचं नया नगर माझ्या वाटेतच. सकाळी बर्फाचा डबा घेऊन मी तिथल्या अस्लमभाईंच्या दुकानात जायचे. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "कलेजी?"

"नहीं, दिल. सिर्फ दिल."

"सिर्फ दिल का क्या करोगी?"

"पढाई."

ते पोट हलवून हसले. "दिल की पढाई! ले जा बेटी." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्या दुकानात मला कुणी आडनाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही. गिऱ्हाईक होते, संपलं.

प्रयोगशाळेत मात्र फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा माझा झाला. त्यावर कुणीतरी चिठ्ठी लावली, 'मांस'. माझी कात्री वेगळी, माझा ट्रे वेगळा. जेवायला बसलो की मेधा खुर्ची जराशी सरकवायची. "हात नीट धुतलेस ना गं?" गोड आवाजात. मी कोपरापर्यंत धुवायचे. ती स्वतः जी रसायनं हाताळायची त्यांचा एक थेंब पोटात गेला तर माणूस दवाखान्यात. तिला कुणी विचारायचं नाही.

हृदय मी आणायचं. चरबी मी काढायची. बारीक तुकडे मी करायचे, थंड खोलीत, स्वेटर घालून, बोटं बधिर होईपर्यंत. मग काचेच्या नळीत ते घोटायचं, मशीनवर गरगर फिरवायचं, पुन्हा फिरवायचं. शेवटी नळीच्या तळाशी तपकिरी गाळ बसतो. त्या मायटोकॉन्ड्रिया. तो गाळ मेधा घेऊन जायची. स्वच्छ हातमोज्यांनी, दोन बोटांत नळी धरून. म्हणजे गाळ चालायचा. हृदय चालायचं नाही. हृदय आणणारीही नाही.

तुम्ही म्हणाल, मग सोडायचं होतं. दुसरा विषय घ्यायचा होता.

मी ह्या विषयाकडे आले ती माझ्या ताईमुळे.

बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे आम्ही लालबागहून भाईंदरला आलो. इथे स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात ते पॉलिश मारायला लागले. संध्याकाळी घरी यायचे ते काळे होऊन, फक्त डोळे पांढरे. आई त्याच लायनीतल्या दुसऱ्या गाळ्यात ताटं-वाट्या पुसून कागदात बांधायची. मी कॉलेजात असताना बाबा छातीच्या आजाराने गेले. पॉलिशची धूळ. त्याला कुणी आजार म्हटलंच नाही, नशीब म्हटलं.

ताई माझ्याहून मोठी. सुमन. शाळेत असतानाच तिच्या पापण्या खाली यायला लागल्या. आधी एक, मग दोन्ही. फळ्यावरचं वाचायला ती मान मागे टाकायची, नाहीतर बोटाने पापणी उचलून धरायची. जिना चढली की भिंतीला टेकून बसायची. बाई वर्गासमोर म्हणायच्या, "ह्यांना सगळं फुकट मिळतं ना, म्हणून झोपा काढायला येतात." आळशी. हा शब्द ताईला नावासारखा चिकटला. तिला उन्हात उभं करायचे. ती चक्कर येऊन पडली की म्हणायचे, नाटकं. दहावी झाली नाही. घरी बसून साड्यांना फॉल लावायला लागली. तेही थांबत थांबत.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा मोठ्या सरकारी दवाखान्यात तिच्या दंडाच्या स्नायूचा तुकडा काढून तपासला. डॉक्टर शिकाऊ डॉक्टरांच्या घोळक्याला इंग्रजीत समजावत होते. मायटोकॉन्ड्रियाचा आजार. स्नायूंना शक्तीच मिळत नाही. औषध नाही. आम्ही तिघी तिथेच उभ्या, आमच्याकडे कुणी बघत नव्हतं. बोलता बोलता ते म्हणाले की हा आजार आईकडून मुलांत येऊ शकतो. आईला इंग्रजी येत नाही. पण 'मदर' तिला कळलं.

रिक्षात ती म्हणाली, "माझ्याकडून आला का गं?"

मी म्हणाले, "येऊ शकतो म्हणाले. आला असं नाही."

त्या रात्री आई जेवली नाही. ताई मात्र उठून बसली होती. तिने मला ते सगळं पुन्हा समजावून सांगायला लावलं. पेशी, शक्ती, मायटोकॉन्ड्रिया. मग बोटाने एक पापणी वर करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे मी आळशी न्हवते."

"नव्हतीस."

"मग त्या बाईला जाऊन सांग." आणि रडायला लागली. एवढी वर्षं ती त्या शब्दासाठी कधी रडली नव्हती.

म्हणून मी 'हो सर' म्हणत राहिले. नाकातलं हसू गिळलं. चिठ्ठी लावलेला कप्पा वापरला. मला त्या नळीतल्या गाळापर्यंत पोचायचं होतं.

आणि पोचले. कशी, तेही सांगते, कारण पुढे त्याच्यावरूनच सगळं झालं.

माझा गाळ कधी चांगला निघायचा, कधी मेलेला. मायटोकॉन्ड्रिया जिवंत आहेत का हे बघायचं एक यंत्र असतं. त्या प्राणवायू किती भराभर ओढतात, त्याची रेघ ते काढतं. रेघ उतरली तर जिवंत, आडवी राहिली तर मेलेल्या. रेघ आडवी आली की सर सगळ्यांसमोर ओरडायचे. "निष्काळजीपणा! रस्त्यात गप्पा मारत येतेस का?"

मी गप्पा मारत नव्हते. मी विचार करत होते. ज्या दिवशी बकरा कापून बराच वेळ झालेला असतो, त्या दिवशी रेघ आडवी. ज्या दिवशी माझ्यासमोर कापतात, त्या दिवशी उतरती. मग मी थंड द्रावण बाटलीत भरून दुकानातच न्यायला लागले. अस्लमभाईंच्या ओट्याच्या कडेला उभी राहून हृदय तिथेच चिरायचं आणि बर्फात टाकायचं. गाळ दर वेळी जिवंत निघायला लागला. इतपत कुणालाही सुचलं असतं. पण मग माझ्या मनात आलं की हा उशीर म्हणजे चूक कशाला? हाच प्रयोग. माणसाला हृदयाचा झटका येतो तेव्हा हेच होतं ना, रक्त तुटतं, प्राणवायू तुटतो. मग उशीर मुद्दाम करायचा. एक तुकडा लगेच बर्फात, दुसरा थोड्या वेळाने, तिसरा आणखी उशिरा. आणि बघायचं, मायटोकॉन्ड्रियातलं आधी काय मोडतं.

मी बैठकीत हे मांडलं. सर म्हणाले, "बघू." दुसऱ्या सोमवारी तेच त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, "मला एक कल्पना सुचली आहे."

वाटलं, असू दे. प्रयोग तर माझेच आहेत.

दोन वर्षं मी ते केले. शेवटची काही मोजमापं मेधाने केली, तेही मी तयार केलेल्या नळ्यांवर. आधी काय मोडतं ते सापडलं. रेघा बघून मी थंड खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

मग एका दुपारी पेढे वाटले. आमच्या कामावरचा शोधनिबंध छापून आला होता, परदेशातल्या नावाजलेल्या मासिकात. त्याची प्रत बाहेरच्या फळ्यावर टाचलेली. सगळे पाठ थोपटत होते, मेधाची. तिचं नाव पहिलं, मुख्य काम करणाऱ्याच्या जागी. सरांचं शेवटी, मोठ्यांचं असतं तसं. मध्ये आणखी तीन नावं. त्यातला एक तर कधी थंड खोलीत आलेला मला आठवत नाही.

माझं नाव नव्हतं.

मी पुन्हा वाचलं. हातात पेढा. मग शेवटचं पान. अगदी खाली, बारीक अक्षरात आभार. यंत्र दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या खाली माझं नाव होतं. ऊतकं आणून देण्यास मदत केल्याबद्दल.

आणून देण्यास. हमालीबद्दल.

मी सरांच्या खोलीत गेले. उभीच राहिले, बस म्हणाले नाहीत.

"सर, माझं नाव आभारात आहे."

"मग? आभार मानलेत ना."

"सर, प्रयोग मी केलेत. कल्पना मी मांडली होती."

त्यांनी चष्मा काढला. आवाज चढवला नाही. तो माणूस एकट्यात कधी ओरडायचा नाही. "हे बघ, तुझं काम कष्टाचं आहे, मला मान्य आहे. तुम्ही लोक कष्टाला कमी पडत नाही. पण विज्ञान म्हणजे कष्ट नाही. विचार करणं वेगळं. आणि सीट मिळाली आहे ना तुला? मग आता अजून काय पाहिजे?"

मी बाहेर आले. जिन्यात मेधा भेटली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच, म्हणजे मला हात लावला तो पहिल्यांदाच. "मी सरांना म्हटलं होतं गं तुझं नाव टाका म्हणून. पण त्यांचा निर्णय असतो."

"तुझं पहिलं नाव आहे. तू नाही म्हणू शकली असतीस."

तिने हात काढून घेतला.

तेव्हाच भांडायला हवं होतं. नाही भांडले. सही सरांची हवी. सहीशिवाय पीएचडी नाही, आणि पीएचडीशिवाय आईसारखं भाईंदरच्या गाळ्यात. मी जिभेवर दगड ठेवला.

तो दगड उचलला गेला तो थोड्या दिवसांनी, आमच्याच भागात. मीरा रोडला.

संस्थेने 'विज्ञान सर्वांसाठी' म्हणून कार्यक्रम ठेवला होता. बेव्हर्ली पार्कच्या जवळचा एक हॉल, आजूबाजूच्या कॉलेजांतली मुलं, स्थानिक पुढारी, फुलांच्या परड्या. सरांचं व्याख्यान. सर मला म्हणाले, "तू तिकडचीच ना? घरच्यांना आण. आईचा सत्कार करू. लोकांना कळू दे, संस्था कशा मुलांना पुढे आणते."

मी आईला सांगितलं नव्हतं. पण ताईच्या कानावर पडलं आणि तिने हट्टच धरला. "तुझे सर मायटोकॉन्ड्रियावर बोलणार ना? मला ऐकायचंय. माझ्याच तर आत आहे तो आजार." आईने कपाटातली इस्त्रीची साडी काढली. हॉलच्या पायऱ्या चढताना ताई दोनदा थांबली. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं.

सर छान बोलायचे. ते मला नाकारता येणार नाही. पडद्यावर चित्रं. माझ्या रेघा. लगेच बर्फात, थोड्या उशिराने, आणखी उशिराने. "आमच्या प्रयोगात आम्हाला दिसलं," ते म्हणत होते. ताई मान मागे टाकून ऐकत होती. हळूहळू मान दुखायला लागली असणार, तिने ती खाली घेतली. पापण्या मिटल्यासारख्या झाल्या. तिला दिसत नव्हतं, पण ती ऐकत होती. माझ्या हातात तिचा हात होता, मला माहीत आहे.

सर बोलता बोलता थांबले. मिस्कील हसले.

"अहो, माझं व्याख्यान इतकंही कंटाळवाणं नाही हो. पहिल्याच रांगेत झोपलात तुम्ही!"

अख्खा हॉल हसला. मुलं, पुढारी, फोटोवाला. सगळे. ताईने झटकन बोटाने पापणी उचलली. हसणारे आणखी हसले, त्यांना वाटलं ती दचकून जागी झाली.

मायटोकॉन्ड्रियाचा एवढा मोठा अभ्यासक. आजार समोर बसलेला. आणि त्याने विनोद केला.

ताई माझ्या कानाशी म्हणाली, "चल ना घरी."

तेवढ्यात आईचं नाव पुकारलं. एका मुलीने तिला हाताला धरून वर नेलं, मलाही बोलावलं. शाल, नारळ. सर माइकवर म्हणाले, "ह्या माउलीने चार घरची धुणीभांडी केली आणि मुलीला इथवर आणलं. अशांनाही आपण संधी देतो, ही अभिमानाची गोष्ट आहे."

टाळ्या. आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मी कुठं धुणीभांडी केली गं?"

माझ्या हातात माइक होता. दोन शब्द बोल, म्हणून दिलेला. कृतज्ञतेचे दोन शब्द.

मी म्हणाले, "माझी आई धुणीभांडी करत नाही. केली असती तर त्यात लाज नव्हती. पण करत नाही. ती स्टीलच्या गाळ्यात काम करते. सरांनी कधी विचारलं नाही. पहिल्या रांगेत बसलीय ती माझी बहीण. ती झोपलेली नाही. तिला मायटोकॉन्ड्रियाचा आजार आहे, पापण्या उचलत नाहीत. तुम्ही आत्ता तिला हसलात. आणि पडद्यावर ज्या रेघा बघितल्यात त्या मी काढल्यात. त्यामागचा विचार माझा आहे. छापलेल्या निबंधात माझं नाव मटण आणण्याबद्दल आभारात आहे. मला संधी दिलेली नाही. माझ्याकडून घेतलंय."

माइक बंद झाला. कुणी बंद केला माहीत नाही. मी आईच्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, टेबलावर ठेवली. नारळही ठेवला. सरांचा चेहरा मी बघितला नाही. बघायचाच नव्हता. ताईला हाताला धरलं आणि मधल्या वाटेने आम्ही तिघी बाहेर आलो. ताईची चाल हळू, त्यामुळे ती वाट खूप लांब झाली. एकही माणूस उठला नाही. एक टाळी नाही.

रिक्षात आई भडकली. "झालं समाधान? आता सही कोण देईल, तुझा बाप?" बाप कित्येक वर्षांपूर्वी गेलेला. बोलून गेली आणि तिलाच रडू फुटलं. "शिकून मोठी हो म्हटलं होतं, भांड म्हटलं नव्हतं."

ताई घर येईपर्यंत माझा हात घट्ट धरून होती.

पुढचं सगळं आईने सांगितलं तसंच झालं. दुसऱ्या दिवशी माझं टेबल रिकामं केलेलं. सर म्हणाले, "दुसरा मार्गदर्शक शोध." मी संस्थेत तक्रार केली. समिती बसली. समितीत सरांचेच मित्र. त्यांनी मला चहा पाजला आणि निष्कर्ष काढला, गैरसमज. मेधाला विचारलं, ती म्हणाली, "मला नीट आठवत नाही." मला मात्र म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं. पण असं सगळ्यांसमोर?" मी विचारलं, "मग कुणासमोर?" ती निघून गेली.

एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरले. सगळीकडे माझ्या आधी माझी ख्याती पोचलेली. भांडखोर. शेवटी निवृत्तीला टेकलेल्या एका बाईंनी घेतलं. अट एकच, "इथे राजकारण नको." माझं आडनाव म्हणजेच त्यांना राजकारण वाटत होतं. तरी घेतलं, हे त्यांचं. शून्यापासून सुरुवात केली. नवा विषय, स्नायूंच्या पेशी. प्रबंधात जुन्या कामाचा आधार द्यायला लागला. नियम असतो, ज्याचं काम त्याचं नाव लिहायचं. मी लिहिलं. मेधाचं नाव, सरांचं नाव. माझंच काम मी माझ्या हाताने दुसऱ्यांच्या नावावर लिहिलं. पीएचडी मिळाली त्या दिवशी आईने गाळ्यात पेढे वाटले. मला त्यांची चवच लागली नाही.

तो निबंध अजून तसाच आहे. जगभर वाचतात.

ताईही तशीच आहे. आता जिना चढत नाही. ज्या विषयात मी डॉक्टर झाले त्यात तिच्यासाठी अजून गोळी नाही. हे मला रोज सकाळी दिसतं.

त्या बाईंकडे पीएचडी करत होते तेव्हाच मी भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेत रविवारचा वर्ग सुरू केला. जुना सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, निळं रंगद्रव्य. गालाच्या आतून काडी फिरवायची आणि स्वतःच्या पेशी बघायच्या. कामगारांच्या मुली यायच्या, नया नगरच्या यायच्या, मुर्धा-राईच्या आगरी घरांतल्या यायच्या. मुर्ध्याची प्रतीक्षा त्यांतली. बाप मिठागरात राबलेला. ती बारावीला होती. भिंगातून बघून म्हणाली, "मॅडम, ह्या माझ्या हायत? खरंच?" आणि जागा सोडेचना. बाकीच्या मुली ओरडायला लागल्या.

तिने बीएस्सी केली. पहिल्या वर्गात. दशक संपत आलं होतं. मी तोवर दुसऱ्या एका संस्थेत लागले होते. तिथे आता नवी हवा होती, 'समावेशकता' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी. फलक लागले, भाषणं झाली. निवड समितीत मला बसवलं. का बसवलं ते मला कळत होतं. फोटोत एक चेहरा हवा होता.

सहायकाच्या एका जागेसाठी प्रतीक्षा मुलाखतीला आली. मी आधीच सांगून टाकलं की ही माझ्या रविवारच्या वर्गात यायची, हिला गुण मी देणार नाही, बाकीच्यांनी द्यावेत. तिला मायटोकॉन्ड्रियावरच विचारलं. तिने उत्तर दिलं, बरोबर दिलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं तिच्या भाषेत. पुढचा प्रश्न अवघड होता. ती जरा थांबली आणि म्हणाली, "ते मला ठाव न्हाय सर. पण शोधून काढीन."

समितीतल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. "न्हाय?" तो म्हणाला आणि हसला. दुसराही हसला. नाकातून नाही, मोठ्याने.

ती बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "हुशार आहे. पण संस्थेची एक पातळी असते. परदेशी पाहुण्यांसमोर ही काय बोलणार?"

मी म्हणाले, "मग कारण तसं लिहा. भाषा आवडली नाही म्हणून नाकारलं, असं लिहा. सहीनिशी."

"असं कसं लिहिणार, मॅडम?"

"जे केलं ते लिहिता येत नाही?"

त्यांनी लिहिलं, 'योग्य नाही'. सगळ्यांनी सह्या केल्या. कागद माझ्यापुढे आला. मी पेन बाजूला ठेवलं आणि सही केली नाही. माझ्या सहीवाचून काही अडलं नाही. बहुमत होतं. जागा दुसऱ्याला मिळाली. पुढच्या वेळी समितीत माझं नाव नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमच्यावर कामाचा ताण नको म्हणून."

बाहेर बाकावर प्रतीक्षा बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ओळखलं.

"मॅडम, मी चुकले काय? न्हाय बोलायला नको होतं."

"चुकली नाहीस. परत अर्ज करायचा. आणि असंच बोलायचं."

"परत हसले तर?"

मी तिला खोटं काही सांगितलं नाही. म्हणाले, "हसतील."

मी आता कुठल्याच समितीत नाही. पण मुलाखतीच्या दिवशी मी माझं काम थांबवते आणि त्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. मला कुणी बोलावलेलं नसतं. आतून येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारते, काय विचारलं, कोण काय बोललं, कोण हसलं. मग दार ढकलून आत जाते आणि जो हसला त्याला सगळ्यांसमोर विचारते, कशाला हसलात? तो चिडतो. संस्थेच्या मोठ्या साहेबांकडे जातो. साहेब मला बोलावतात, समजावतात, धमकावतात. नोकरीवर येईल म्हणतात. येऊ दे. मी पुढच्या मुलाखतीला तिथेच बसलेली असणार. त्यांना मी उठायला हवी असेल तर त्यांनी हसणं बंद करावं. दुसरा रस्ता मी त्यांना ठेवलेला नाही.